रविवारी येणारी माणसं

वडिलांचं वर्षश्राद्ध सांगलीतल्या एखाद्या बालगृहात मुलांना गोड जेवण घालून करायचं, असं आमच्या घरात जवळजवळ ठरलं होतं. पुण्याचा भाऊ दहा हजार पाठवणार होता. जिलेबी की श्रीखंड एवढंच राहिलं होतं. तेवढ्यात माझ्या धाकट्या मुलीनं विचारलं, "पण का?" आणि त्यावर अख्खी संध्याकाळ गेली.

धाकटीनं समाजकार्याची पदवी घेतली आहे. साताऱ्यात ती बालसंरक्षणाचं काम करते. गृहभेटी, सामाजिक तपासणी अहवाल, बालकल्याण समितीपुढच्या तारखा, असा तिचा दिवस असतो. माझी थोरली बहीण, आमची अक्का, सांगलीला असते. हायस्कुलात मराठी शिकवून निवृत्त झाली आणि तेव्हापासून रविवारी सकाळी एका बालगृहात मुलांचा अभ्यास घ्यायला जाते. मी राहतो कराडला, म्हणजे दोघींच्या मध्ये. त्यामुळे असले वाद माझ्याच घरी होतात आणि चहा मला करावा लागतो. त्या संध्याकाळचं बोलणं जमेल तसं उतरवलं आहे. मध्ये तोंड घातल्याशिवाय मला राहवलेलं नाही.

अक्का : का म्हणजे? पोरं पोटभर जेवतील, बापूंचं नाव निघेल. यात वाकडं काय आहे?

धाकटी : वाकडं काही नाही. पण आत्या, तूच सांग, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तिथं मिठाईची खोकी किती येतात?

अक्का : ढीग लागतो.

धाकटी : आणि मार्चमध्ये?

अक्का : मार्चमध्ये कोण येतंय! लोकांचा मार्च एंड असतो.

धाकटी : तेच म्हणते मी. पंधरा ऑगस्टला जिलेबी, कुणाच्या नातवाच्या वाढदिवसाला केक, कुणाच्या पुण्यतिथीला शिरा. पण चष्म्याची काडी मोडली तर ती बदलून द्यायला कुणी येत नाही. मुलींच्या पॅडचे पैसे कुणी देत नाही. त्याचा फोटो काढता येत नाही ना! मुलांना ओळीत बसवायचं, प्रार्थना म्हणायला लावायची, पाहुण्यांसाठी टाळ्या, मग घास भरवतानाचा फोटो. आणि तो फोटो टाकणं गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? २०१५ चा बाल न्याय कायदा, कलम ७४. मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो, शाळा काहीही प्रसिद्ध केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अक्का : फोटो नको काढायला. जिलेबीनं काय घोडं मारलंय?

जिलेबीचा प्रश्न तिथल्या तिथे निकालात निघाला, पण दोघींपैकी कुणाच्याच मुद्द्यानं नाही. मी बालगृहाच्या अधीक्षकांना फोन लावला तर ते नम्रपणे म्हणाले, त्या तारखेचं दुपारचं जेवण आधीच कुणीतरी धरलंय, संध्याकाळचं चालेल का? धाकटी माझ्याकडे बघून हसली. अक्का हसली नाही. वाद खरा सुरू झाला तो यानंतर.

अक्का : हे बघ, वाढदिवसवाल्यांचं तू म्हणतेस ते मला मान्य आहे. पण मला त्यांच्या ओळीत बसवू नकोस. मी खाऊ घेऊन जात नाही, खडू घेऊन जाते. सातवीतलं एक पोरगं होतं, त्याला वाचता येत नव्हतं. पुस्तक उघडलं की खिडकीबाहेर बघायचं. पण एस.टी.च्या गाड्या सगळ्या पाठ. कुठली गाडी किती वाजता सुटते, कुठल्या फलाटाला लागते, सगळं सांगायचं. मग मी पुस्तक मिटलं. पुठ्ठ्याचे तुकडे कापले आणि त्यावर गाड्यांच्या पाट्या लिहिल्या. पहिली पाटी 'जत'. दोन अक्षरं, ना काना ना मात्रा. मग 'विटा', मग 'तासगाव', 'कडेगाव'. 'इस्लामपूर'पाशी जोडाक्षराला अडलं ते तीन रविवार. 'कवठेमहांकाळ' वाचलं त्या दिवशी पोरगं पळत स्वयंपाकघरातल्या मावशींना सांगायला गेलं. आता मला सांग, मी जायला नको होतं?

धाकटी : जायला हवं होतंच. तू दर रविवारी गेलीस म्हणून तो वाचायला लागला. माझं भांडण एकदा येऊन जाणाऱ्यांशी आहे. कॉलेजची पोरं येतात. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात. त्यातले चार तास बालगृहात. पोरं मनानं चांगली असतात, मी नावं ठेवत नाही. मुलांना मेंदी काढतात, गाणी म्हणतात, नावं विचारतात, 'आम्ही परत येणार हं' म्हणतात. मुलं त्यांना पहिल्या भेटीतच विचारतात, 'ताई, परत कधी येणार?' हा प्रश्न मी इतक्या मुलांच्या तोंडी ऐकलाय की आता त्याची भीती वाटते. ज्याला घरातलं माणूस एकदा सोडून गेलंय, त्याला महिन्याला चार नवी माणसं भेटतात आणि चारही सोडून जातात.

अक्का : म्हणून कुणी भेटूच नये?

धाकटी : भेटावं. पण परत यायचं नसेल तर 'येणार' म्हणू नये. आणि ज्याला येता येणार नाही त्यानं मुलांच्यात जाऊ नये, संस्थेचं दुसरं काम करावं. हिशेब लिहावेत, गळकं छप्पर दुरुस्त करून द्यावं, दंतवैद्याची गाठ घालून द्यावी. तीही सेवाच.

मग धाकटी रुमानियावर गेली. तिचं शिक्षण अशा वेळी बाहेर येतं. चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये पडली तेव्हा तिथल्या सरकारी अनाथालयांत हजारो मुलं खाटांवर पडून होती. खायला मिळत होतं, पण उचलून घ्यायला माणूस नव्हतं. २००० साली बुखारेस्टमध्ये काही अमेरिकी संशोधकांनी १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू केला. चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवलं, निम्मी होती तिथेच राहिली. कुटुंबात गेलेल्यांची बुद्धी, बोलणं, माणसाला धरून राहणं, सगळंच सुधारलं. दोन वर्षांच्या आत गेलेल्यांचं सर्वांत जास्त. अक्कानं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. निवृत्त शिक्षिका शांत बसली की पुढच्यानं सावध राहावं.

अक्का : म्हणजे तिथं उचलून घ्यायला माणूस नव्हतं, म्हणून पोरं खुरटली. बरोबर? मग तू मला सांगतेस काय, तर मुलांना उचलून घेऊ नका.

धाकटी : तसं नाही गं. उचलून घेणारं माणूस एकच हवं आणि रोज तेच हवं. तुला सांगते, बालगृहात गेल्या गेल्या एखादं तीन-चार वर्षांचं पोर येतं आणि अनोळखी माणसाच्या मांडीवर चढतं. पाहुण्यांना भरून येतं, किती लाघवी म्हणतात. आम्हाला ते बघून काळजी वाटते. आपल्या घरातलं त्या वयाचं पोर नवीन माणूस दिसलं की आईच्या पदराआड जातं. त्याला पदर आहे म्हणून जातं. ज्याला सगळीच माणसं सारखी, त्याचं अजून कुणीच झालेलं नाही.

यावर अक्का बोलली नाही. मी म्हटलं, पण हे तान्ह्यांचं झालं. अक्काकडे येणारी पोरं दहा-बारा वर्षांची आहेत. धाकटीनं तो मुद्दा मान्य केला, जरा नाखुशीनं. ती पुढं म्हणाली की डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मुलांच्या हक्कांवरच्या ठरावात अनाथालयांतल्या पर्यटनाचा आणि असल्या स्वयंसेवेचा प्रश्न नाव घेऊन मांडला आहे. कंबोडियात, नेपाळात परदेशी पाहुण्यांच्या पैशांवर आश्रम वाढले आणि ते भरायला आईबाप जिवंत असलेली पोरं खेड्यांतून आणली गेली. आपल्याकडे परदेशी पाहुणे कमी, पण दानाचा ओघ जिकडे, तिकडे मूल सरकतं, हे इथेही काही वेगळं नाही, असं तिचं म्हणणं.

अक्का : आपल्याकडे कोण आणतंय गं पोरं पळवून? आईच आणून सोडते. रडत सोडते.

धाकटी : तेच तर! आई आहे. तुझ्या रविवारच्या पोरांतली किती खरोखरीची अनाथ आहेत, मोजून बघ. केंद्र सरकारनं देशातल्या ९,५८९ संस्थांची पाहणी केली, २०१८ मध्ये अहवाल आला. एक पालक हयात असलेली मुलं ही आईबाप दोन्ही नसलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. नवरा दारूनं गेला, बाई धुणीभांडी करते, खोलीचं भाडं, दोन पोरं. धाकटं पदरात ठेवते, थोरलं सोडते. त्या बाईला महिन्याला थोडा हात मिळाला तर थोरलंही घरी राहील. राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे की. महिन्याला २,२५० रुपये एका मुलामागे. काकांचे दहा हजार म्हणजे एका पोराचे चार महिने घरचे झाले!

अक्का : मिळतात का वेळेवर?

धाकटी : (जरा थांबून) मागेपुढे होतात. पण मिळतात. खरी अडचण अर्जाची आहे. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार, बँकेचं पासबुक, शाळेचा बोनाफाईड. एकेका कागदाला एकेक दिवस, एकेक दिवसाला एकेक मजुरी. नवऱ्याच्या मृत्यूची नोंदच केलेली नसते, ती आधी करायची. माझ्याकडे माणसं नाहीत या बाईबरोबर तहसीलला जायला. तुझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका, बँकेतले लोक, तलाठी म्हणून निवृत्त झालेले, यांनी रविवारऐवजी एक मंगळवार दिला तर किती पोरं घरी राहतील! आणि घरासमोर मूल आणि पालक उभे करून काढलेला फोटो जोडावा लागतो.

अक्का : फोटो? आत्ता तर गुन्हा म्हणत होतीस.

धाकटी : तो फाईलीत जातो, फेसबुकवर नाही.

या बोलण्यात ऊसतोडीचा विषय निघणं अटळच होतं. सातारा-सांगलीत राहून या विषयावर बोलायचं आणि कारखान्याचं धुराडं दिसू द्यायचं नाही, हे जमत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून टोळ्या येतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत बांधलेली. पोरं बरोबर. कारखान्याच्या आवारात किंवा शेताच्या कडेला कोप्या पडतात. पहाटे आईबाप फडात गेले की आठ-नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपीपाशी थांबते. मोठा मुलगा वाढं गोळा करून मोळ्या बांधतो. ही पोरं कुठल्या बालगृहात नसतात, कुणाच्या वाढदिवसाच्या यादीत नसतात. साखरशाळा निघाल्या, काही चालल्या, काही कागदावर राहिल्या. पोरांनी आजीआजोबांकडे गावातच राहावं म्हणून तिकडे हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. धाकटीचं म्हणणं असं की सांगलीच्या कॉलेजातल्या पोरांना तास भरायचेच असतील तर त्यांनी नोव्हेंबर ते मार्च रोज संध्याकाळी एकाच तळावर जावं. हंगाम संपला की टोळी जाते, मुलांनाही ते माहीत असतं. त्यामुळे निरोप फसवा होत नाही. मला हा मुद्दा तिच्या सगळ्या मुद्द्यांत जास्त पटला. अक्कालाही पटला असावा, कारण तिनं लगेच विषय बदलला.

अक्का : बरं, आता माझं ऐक. तुला वाटतं घर म्हणजे सगळं चांगलं आणि संस्था म्हणजे सगळं वाईट. बापू कुठं शिकले? रयतच्या वसतिगृहात. घरी राहिले असते तर गुरं राखली असती. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला काल्याला संस्था काढली, १९२४ ला साताऱ्याला आणली आणि बोर्डिंग सुरू केलं. महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान सगळी पोरं एका चुलीवर जेवत होती. गांधीजी १९२७ ला येऊन बघून गेले, शाहू महाराजांचं नाव दिलं. मुष्टिफंडाचं मूठमूठ धान्य गोळा करून ती पोरं जगली. ही संस्थाच होती की.

धाकटी : होती. पण आजोबांना सुट्टीत जायला घर होतं. पणजी जोंधळ्याचं पोतं पाठवायची, ती गोष्ट तूच सांगतेस ना? आणि अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई रविवारी येत होत्या का?

अक्का : म्हणजे?

धाकटी : अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा, पोरांच्या धान्यासाठी. पोरं आजारी पडली तर उशाशी बसल्या. १९३० ला गेल्या तोवर तेच केलं. त्या तिथंच राहत होत्या, आत्या. बोर्डिंग चाललं ते त्या राहत होत्या म्हणून. तू मला रविवारच्या बाजूनं लक्ष्मीबाईंचा दाखला देऊ नकोस, तो माझ्या बाजूचा आहे.

एक गंमत मला तेव्हा सुचली नाही, लिहिताना सुचली. ज्या १९२४ मध्ये अण्णांनी साताऱ्यात बोर्डिंग काढलं, त्याच साली मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा कायदा झाला. आमच्या लहानपणी मस्ती केली की 'रिमांड होममध्ये टाकीन' म्हणायचे, त्या रिमांड होमची पाळंमुळं त्या कायद्यात आहेत. एकाच वर्षी दोन दारं उघडली. एका दारातून गेलेला मुलगा म्हातारपणी 'मी अण्णांच्या बोर्डिंगचा' म्हणून छाती काढून सांगायचा. दुसऱ्या दारातून गेलेल्यानं ते बायकोलाही सांगितलं नसेल. पोरं दोन्हीकडे गरिबाचीच. फरक कशानं पडला, याचं एक उत्तर कमवा आणि शिका हे असावं. बोर्डिंगातल्या पोरावर कुणी दया करत नव्हतं, त्याला पाणी शेंदायला आणि भाकरी थापायला लावत होते.

अक्का : बरं, लक्ष्मीबाई तुझ्या बाजूच्या. पण ज्योतीराव कुठले? कटगुणचे. सावित्रीबाई नायगावच्या. दोन्ही गावं सातारा जिल्ह्यात. पुण्यात १८६३ ला त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवा बायका तिथं येऊन बाळंत होत. त्यातलंच एक पोर, यशवंत, स्वतःच्या पोटचं म्हणून वाढवलं आणि डॉक्टर केलं. लक्षात घे, गृह बंद करून एकाला घरी नेलं असं नाही. गृहही चालवलं आणि एकाला घरीही नेलं. तू मला यातलं एक निवड म्हणतेस. मी का निवडू? सगळ्या पोरांना घर मिळेल तेव्हा मिळेल. तोवर रविवार येतोच की, आणि तो लई लांबलचक असतो गं त्या इमारतीत. शाळा नाही, भेटायला कुणी नाही. पोरं कंपाउंडच्या गजाला धरून रस्ता बघतात.

धाकटीकडे याला उत्तर नव्हतं आणि तिनं ते ओढूनताणून आणलंही नाही. मी चहा टाकायला आत गेलो. परत आलो तेव्हा अक्काचा आवाज चढला होता.

अक्का : ...आणि तुमच्या तपासण्या! कमिटी येणार म्हटलं की आदल्या दिवशी चादरी बदलतात. ताटात डाळ घट्ट होते. मी कुणाला कळवून जात नाही. एकदा एक पोरगं बाकावर टेकून बसेना. उभ्यानं लिहीन म्हणालं. आधी वाटलं, मारलंय की काय. बाजूला घेऊन बघितलं तर मांडीच्या मागं हे एवढं गळू, पिकलेलं. कुणाचं लक्ष नाही. वाईट माणसं नव्हती ती, पन्नास पोरांमागं दोन मावश्या, कुठं बघणार? सिव्हिलला नेलं. मुझफ्फरपूरचं काय झालं होतं? बिहारातलं बालिकागृह. सरकारी तपासणी होत नव्हती का तिथं? बाहेरची पोरं आली, आपल्या मुंबईच्या टाटा संस्थेची, मुलींशी बोलत बसली, तेव्हा २०१८ ला कळलं आत काय चाललं होतं. दार बंद असलं की आत काहीही होतं. कुणीतरी बाहेरचं सारखं ये-जा करत असलं पाहिजे.

धाकटी : हा तुझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि मला तो शंभर टक्के मान्य आहे. पण मग सांग, बाहेरचा माणूस चांगलाच असेल हे कशावरून? तुझी पोलीस पडताळणी झालीय?

अक्का : माझी? जन्म गेला माझा पोरांत.

धाकटी : म्हणूनच विचारते. तू दिलीस तर अधीक्षकांना दुसऱ्याकडे मागता येईल. तू 'माझी कशाला' म्हणालीस की उद्या येणारा कुणीही गुळगुळीत बोलणारा इसम तेच म्हणणार, आणि त्याला आत सोडणार. पोक्सोखाली, कुणी मुलावर अत्याचार करतंय असं कळलं की कळवणं तुलाही बंधनकारक आहे. स्वयंसेवक आहे म्हणून सुटका नाही. आणि मुलाला एकटं खोलीत घेऊन बसायचं नाही. गळू बघायलासुद्धा मावशींना बरोबर घ्यायचं.

अक्काचा चेहरा पडला. तिला राग आला होता तो नियमाचा नव्हे, आपल्या भाचीनं आपल्याला नियम सांगावा याचा. मला विचाराल तर इथं धाकटीचं चुकत नव्हतं, सूर मात्र चुकला. समाजकार्य शिकलेल्या तरुण मुलांना हा सूर लागतो आणि त्यामुळे पुष्कळ चांगली माणसं संस्थांच्या दारातून परत जातात. पण पडताळणीचा अर्ज पुढच्याच आठवड्यात अक्कानं भरला, हेही इथं नोंदवून ठेवतो.

मला आणखी एक विचारायचं होतं, ते मी विचारलं. या सगळ्यात आईला कुणी विचारतं का? तेव्हा दोघींनी एकदमच 'संग्राम'चं नाव घेतलं. सांगलीत १९९२ पासून मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही संस्था वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करते. पुढं त्या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. त्यांचं म्हणणं सांगलीकरांना सुरुवातीला पचलं नाही. आम्हाला सोडवायला येऊ नका, आमची पोरं आमच्यापासून काढून घेऊ नका. पोरांच्या शिक्षणाचं, राहण्याचं बघायचं तर आम्ही बघू. पुढं त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलांनी 'मित्रा' नावाची संघटना केली आणि निपाणीला त्या मुलांसाठी वसतिगृह चालतं. अक्का म्हणाली, "म्हणजे तेही वसतिगृहच." धाकटी म्हणाली, "पण तिथं आयांना दार बंद नाही. मूल कुणाचं, हा प्रश्नच कुणी उभा करत नाही." दोघी आपापल्या जागी खूश.

रात्रीची भाकरी झाली. अक्काला सकाळी सांगलीची गाडी धरायची होती. तिनं पिशवी भरता भरता खरी गोष्ट काढली, जी बहुधा ती दिवसभर मनात घेऊन बसली होती.

अक्का : तो जतचा. पाट्या वाचणारा. आता अठरा पूर्ण होतील त्याला. आय.टी.आय.ला आहे, वायरमन. अठरा झाले की बालगृह सोडावं लागतं.

धाकटी : अनुरक्षण गृह आहे ना. एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येतं.

अक्का : ते लांब पडतंय त्याला. आय.टी.आय. सुटेल. इथंच खोली बघतोय दोघंतिघं मिळून. घरमालक विचारतात, गाव कुठलं, वडील काय करतात, जामीन कोण? बालगृह म्हटलं की खोली गेलेली असते.

धाकटी : कागद आहेत सगळे? आधारवर पत्ता संस्थेचाच असेल. आईबाप?

अक्का : आई गेली. बापाचा पत्ता नाही.

धाकटी : मग अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज टाक आधी, महिला व बालविकास विभागाकडे. २०१८ पासून राज्यात अनाथांना एक टक्का समांतर आरक्षण आहे, नोकरीत आणि शिक्षणात. महावितरणची भरती निघाली तर त्याला तोच कागद लागेल. बाप बेपत्ता असल्याचे पुरावे जोडावे लागतील. मी मसुदा करून देते. समितीचा आदेश, प्रवेशाची तारीख, सगळं फाईलीत असेल. अधीक्षकांना सांग, फाईलीची नक्कल त्याच्या हातात द्या, अठरा व्हायच्या आत. नंतर मागत फिरावं लागतं.

अक्का : ते करते. पण खोली?

धाकटी गप्प राहिली.

अक्का : मी म्हटलंय त्याला, घरमालकाला माझा पत्ता दे. जामीन मी राहते.

मी म्हटलं, अक्का, भाडं थकवलं तर?

अक्का : तर माझी पेन्शन आहे.

मी धाकटीकडे बघितलं. मला वाटलं आता ती सीमारेषा, भावनिक गुंतवणूक असलं काहीतरी काढणार.

धाकटी : एकाचीच राहा. तिघांची नको. आणि त्याला आधीच सांग किती महिने, आणि पुढं काय ते. भाडेकरार वाचून सही कर, घरमालक अकरा महिन्यांचा करतात. आणि डिपॉझिट त्यानं स्वतः भरायचं, तू नाही. वायरमनचं काम मिळतंय त्याला सुट्टीत?

अक्का : मिळतंय. मंडपवाल्याकडे जातो गणपतीत.

धाकटी : मग त्यातनं भरू दे. आणि कराराची एक प्रत मला पाठव.